शिफारसपत्र तूच लिहून आण

सोलापुरात राहून मी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवते म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. भवानी पेठेतल्या माझ्या माहेरी तर अजून सगळ्यांना वाटतं, मी पासपोर्टच्या हापिसात आहे. काकू दर दिवाळीला विचारते, "अगं, आमच्या जावयाचा व्हिसा अडकलाय, तुझ्या सायबाच्या कानावर घाल की." एकदा वैतागून मी तिला सांगितलं, काकू, देश-देश भांडतात कशावरून आणि मिटवतात कसं, एवढंच मी पोरांना शिकवते. त्यावर काकू म्हणाली, "मग आधी आमच्या दोन सुनांचं मिटवून दाखव की!"

हसण्यासारखं एवढंच. पुढची गोष्ट मी दोन वर्षं पोटात ठेवली आहे, नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. लाज वाटते, दुसरं काय.

शहराबाहेरच्या माळावर एक नवं खासगी विद्यापीठ निघालं, त्यात आमचा विभाग. शिक्षक चार, पोरं पस्तीस-चाळीस, पण उत्साह विचारू नका. दर सोमवारी जगातल्या बातम्यांचं भित्तिपत्रक लागतं. शुक्रवारी चर्चा होते, तिच्यात सोलापूर सोडून सगळ्या जगाचे प्रश्न सुटतात. वर्षातून एकदा अभिरूप सुरक्षा परिषद भरते. पोरं कोट घालून, गळ्याला टाय आवळून देशांच्या पाट्यांमागं बसतात आणि "आमच्या देशाला हे मान्य नाही" असं इंग्रजीतून ठणकावतात. एखादा निवृत्त राजदूत पाहुणा म्हणून मिळालाच, तर त्याच्या अंगावर सोलापुरी चादर पांघरायची, मग महिना मार्चचा का असेना. तो घामानं निथळतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. हे सगळं मी उभं केलं याचा मला अभिमान होता. अभिमान कसला, तोरा होता.

आणि आमच्याकडं एक पद्धत होती. परदेशात किंवा दिल्लीत कुठं अर्ज करायचा तर शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. हा विद्यार्थी कसा आहे, तुम्ही त्याला कितपत ओळखता, हे शिक्षकानं स्वतः लिहायचं. ते गोपनीय असतं, म्हणजे विद्यार्थ्यानं ते बघायचंही नसतं. आमच्याकडं विद्यार्थी ते नुसतं बघायचा नाही, लिहायचाच! पोरगं केबिनमध्ये आलं की आम्ही मान वर न करता म्हणायचो, "ड्राफ्ट तूच करून आण, मी सही करते." पोरं तयार. स्वतःला 'अत्यंत तेजस्वी', 'जन्मजात नेता' असं काय काय म्हणून घ्यायची. एकानं तर लिहून आणलं होतं, 'माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी मी पाहिला नाही.' तेव्हा माझी नोकरी होती एकोणीस वर्षांची. मी तीसचे एकोणीस केले आणि सही ठोकली.

यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. माझ्या सरांनीही माझं पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं होतं.

ती मुलगी मैंदर्गीची. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव. वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान. घरात कन्नड, शाळा मराठी, आणि आमच्याकडं आल्यावर एकदम इंग्रजी. दोन एस.ट्या बदलून यायची, त्यामुळं पहिल्या तासाला हमखास दहा मिनिटं उशीर. दारात उभी राहून "येऊ का मॅडम?" एवढंच तिचं माझ्याशी बोलणं. भित्तिपत्रक लावायची ती, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्यापलीकडं तिच्याबद्दल मला काय माहीत होतं, ते पुढं कळेलच.

जानेवारीत ती माझ्या केबिनमध्ये आली. युरोपातल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती होती. एकच नदी दोन राज्यांतून, दोन देशांतून वाहते तेव्हा पाणी कुणाचं, या विषयावरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. फी, राहणं, विमानाचं तिकीट, सगळं तेच देणार होते. जगभरातून आलेल्या अर्जांतून त्यांनी थोडी नावं शेवटच्या यादीत घेतली होती आणि त्यात हिचं नाव होतं. आमच्या विभागातून तोवर कुणी तिथवर पोचलं नव्हतं. मी उठून तिला पेढा भरवायला हवा होता. पण मी नुकतीच विभागप्रमुख झाले होते, पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येणार होती, आणि टेबलावर फायलींचे ढिगारे होते.

"मॅडम, तुमचं पत्र पायजे हुतं. त्यांनी तुमच्या मेलवर लिंक पाठवली हाय."

"ड्राफ्ट करून आण."

ती हलली नाही. "म्हंजे मी लिवायचं?"

"मग मी लिहीत बसू? दिसत नाही का हा पसारा?"

"पण पत्र तुमचं हाय की मॅडम. तुमाला माझ्याबद्दल काय वाटतंय ते मला कसं कळायचं?"

बघा, प्रश्न किती सरळ होता. पण सरळ प्रश्नाचाच माणसाला राग येतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणाले, "अगं बाई, खोटं लिही म्हणतेय का मी? खरं काय ते लिही. मला तुझ्याबद्दल जेवढं ठाऊक आहे तेवढं लिही, अन् दोन दिवसांत आण. जा आता."

तिसऱ्या दिवशी तिनं एक पान आणलं. मी फायलींवर सह्या करतच होते, त्याच ओघात त्यावरही केली. ती तिथंच उभी. "वाचून बगा की मॅडम. शेवटी जागा मोकळी ठेवलीय, तुमाला काय घालायचं असंल तर."

"बरोबर असणार गं. क्लार्ककडं दे."

क्लार्ककडं माझ्या मेलचा पासवर्ड असायचा. विद्यापीठाचे मेल तोच उघडायचा, महत्त्वाचे छापून माझ्या टेबलावर ठेवायचा. मला यात मोठेपणा वाटायचा. त्यानं ते पान स्कॅन केलं, लिंकवर चढवलं, आणि मी ते विसरूनही गेले.

समिती आली त्या दिवशी मी नवी इरकल नेसले होते. समितीचे तीन पाहुणे, आमचे कुलगुरू आणि मी, असे बैठकीच्या खोलीत बसलो होतो. अध्यक्ष बाई फार बारकाईनं विचारत होत्या. शिक्षक आणि विद्यार्थी यांचा वैयक्तिक संबंध कितपत आहे, असं त्यांनी विचारलं. मला तर हवाच होता हा प्रश्न. मी म्हणाले, "मॅडम, आमचा विभाग म्हणजे एक कुटुंब आहे. प्रत्येक मूल मला आतून-बाहेरून ठाऊक आहे. कुणाची काय अडचण, कुणाची काय ताकद, विचारा, सांगते." कुलगुरू समाधानानं मान हलवत होते.

तेवढ्यात क्लार्क आत आला आणि छापलेला एक कागद माझ्यापुढं ठेवून हळूच म्हणाला, "फॉरेनचं आहे मॅडम, अर्जंट."

त्या युरोपातल्या विद्यापीठानं विचारलं होतं. भाषा अगदी सभ्य. तुमच्या सहीचं पत्र मिळालं, पण ते वाचून आम्ही बुचकळ्यात पडलो आहोत. या पत्रात आपण म्हटलं आहे की अर्जदार विद्यार्थिनीनं वर्गात कधी प्रश्न विचारल्याचं आपल्याला आठवत नाही, आणि तिचा लघुप्रबंध आपण वाचलेला नाही. हे पत्र आपणच लिहिलं आहे का, ते कृपया आज संध्याकाळपर्यंत कळवावं. निवड समितीची बैठक उद्या आहे.

कागद उलटा करून मी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. अध्यक्ष बाईंनी विचारलं, "काही अडचण?" मी म्हणाले, "छे छे, परदेशातून आमच्या एका विद्यार्थिनीची चौकशी आलीय." कुलगुरू म्हणाले, "वा!" आणि समितीतल्या एकांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

दोन मिनिटांत येते असं सांगून मी बाहेर पडले. जिन्याखाली उभी राहिले. खरं सांगते, त्या वेळी मला त्या मुलीची शिष्यवृत्ती आठवली नाही. मला राग आला होता. आमच्याकडंच शिकायचं आणि आमच्याच तोंडाला काळं फासायचं? मुद्दाम केलं असणार कार्टीनं, असं मला वाटलं. आणि भीती वाटली. हे आज समितीपुढं आलं तर? सही न वाचता करते हे कळलं तर? खुर्चीवर बसून चार महिने झाले नव्हते, ती खुर्ची मला जाताना दिसली. मी फोन काढला आणि उभ्या-उभ्या तीन ओळी लिहिल्या. हे पत्र मी लिहिलेलं नाही. ते विद्यार्थिनीनं स्वतः तयार केलेलं आहे. त्यातील मजकुराची मला कल्पना नव्हती.

पाठवून दिलं. घाम पुसला, आत गेले, आणि पाहुण्यांना आमच्या भित्तिपत्रकाबद्दल सांगू लागले.

एकही शब्द खोटा नव्हता, हे मी नंतर कितीदा स्वतःला सांगितलं असेल! पत्र मी लिहिलं नव्हतं, खरं. तिनं लिहिलं होतं, खरं. मला कल्पना नव्हती, तेही खरंच. फक्त ते मीच लिहायला लावलं होतं आणि सही माझीच होती, एवढं मी लिहिलं नाही. कोर्टात उभं केलं असतं तर सुटले असते मी.

दुपारी समिती चादरी घेऊन गेली. मी केबिनचं दार लावून घेतलं आणि क्लार्ककडून त्या पत्राची प्रत मागवली, त्या मुलीची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून. पत्र इंग्रजीत होतं, साधी-साधी वाक्यं. मराठीत सांगायचं तर असं:

'या विद्यार्थिनीला मी दोन वर्षं शिकवते. ती तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ बसते. तिनं वर्गात प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. एकदा तिनं हात वर केला होता, पण तास संपला होता. ती आधी कन्नडमध्ये विचार करते, मग मराठीत, मग इंग्रजीत लिहिते, म्हणून परीक्षेत तिचा शेवटचा प्रश्न राहतो. दर सोमवारी ती आमचं भित्तिपत्रक लावते. त्यासाठी रविवारी ती बातम्या हातानं लिहून काढते. सुरक्षा परिषदेत मी तिला कुठल्या देशाची पाटी दिली नाही, कारण तिचे उच्चार बरोबर नाहीत असं मला वाटलं. चिठ्ठ्या पोचवायचं काम दिलं. तिनं एकाही देशाची चिठ्ठी चुकीच्या देशाला दिली नाही. तिचा लघुप्रबंध मी अजून वाचलेला नाही, त्यामुळे तो चांगला आहे की वाईट हे मला सांगता येत नाही. ती खोटं बोलत नाही असं मला वाटतं.'

त्याच्याखाली चार बोटं मोकळी जागा आणि मग माझी झोकदार सही.

मी खरडपट्टी कुणाची काढणार होते? मीच तिला बजावलं होतं, मला ठाऊक आहे तेवढंच लिही. तिनं तेवढंच लिहिलं. मला ठाऊक नसलेलं तिनं माझ्या तोंडी घातलं नाही. 'जन्मजात नेता' लिहिलं नाही. स्वतःचा प्रबंध उत्तम आहे असं लिहायला तिचा हात धजला नाही, कारण मॅडमनी तो वाचलाच नव्हता. आणि मी त्याच सकाळी तीन अनोळखी माणसांपुढं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, प्रत्येक मूल मला आतून-बाहेरून ठाऊक आहे. शरमेनं माझे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं तरी मला मान वर करवेना.

तेव्हा चार वाजले होते. त्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला होता, आणि त्यांची संध्याकाळ आपल्यापेक्षा उशिरा होते, हे तर मीच पोरांना शिकवते. दुसरा मेल लिहायला दहा मिनिटं लागली असती. मी नाही लिहिला. दोन मेल दोन प्रकारचे गेले तर आणखी शोभा होईल, कदाचित त्यांनी पहिला मनावर घेतलाच नसेल, उद्या बघू, असं करत मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची बैठक झाली. मग आता उपयोग काय, असं म्हणायची सोय झाली.

प्रबंध मात्र मी त्या आठवड्यात काढला. स्टीलच्या कपाटावर तो इतरांच्या प्रबंधांखाली पडला होता. हद्दीवरच्या दोन गावांमधून एक ओढा जातो, अलीकडचं गाव महाराष्ट्रात, पलीकडचं कर्नाटकात, आणि कागदावर कसलाही करार नसताना दोन्हीकडची माणसं उन्हाळ्यात पाणी कसं वाटून घेतात, त्यावर तो होता. बायका कुठल्या दिवशी कुठल्या काठावर धुणं धुतात, इथपर्यंत तिनं विचारून लिहिलं होतं. प्रबंध चांगला होता. पण तो चांगला निघाला म्हणून मला जास्त लाज वाटली, असं म्हणाले तर तेही बरोबर नाही. तो टाकाऊ असता तरी मी जे केलं ते तसंच राहिलं असतं.

मार्चच्या सुरुवातीला ती केबिनमध्ये आली. मी तिला पाहिलं आणि समोरची फाईल मिटली.

"मॅडम, न्हाय झालं ते. अर्ज रद्द केला त्यांनी."

"का गं? काय म्हणाले?" मी विचारलं.

"कागद खोटा जोडला म्हणत्यात." ती टेबलाच्या कडेकडं बघत होती. "माझ्या पत्रामुळं तुमाला तरास झाला असंल मॅडम. माफ करा."

आणि थांबली. माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ.

ती जागा मला आजही दिसते. दार लोटलेलं, पंखा फिरतोय, बाहेर पोरं सुरक्षा परिषदेच्या पाट्या रंगवतायत. तीन शब्द बोलायचे होते, चूक माझी आहे. त्याऐवजी मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अगं, अशी पत्रं लिहितात का कुणी? स्वतःची बाजू मांडायला शीक जरा. जगात असा भाबडेपणा चालत नाही." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. ती "व्हय मॅडम" म्हणाली आणि गेली. पुढच्या सोमवारी भित्तिपत्रक वेळेवर लागलं होतं.

परीक्षा झाल्या. मे महिन्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी शिफारसपत्र मागायला आली. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "ड्राफ्ट तूच…" आणि जीभ अडखळली. मुलगी घाबरली, "मॅडम, पाणी आणू का?" मी तिला सांगितलं, परवा ये, बस इथं, आपण बोलू आणि मग मी लिहीन. ती आश्चर्यानं बघत गेली. मी क्लार्ककडून मैंदर्गीचा पत्ता घेतला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी एस.टी.नं अक्कलकोट गाठलं, तिथून वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन मैंदर्गी. शिलाईचं दुकान कुणीही दाखवलं. वडील कपडे पोचवायला गेले होते. आईनं मला बघून डोक्यावर पदर घेतला. "बर्री, कूडरी," या, बसा, असं कन्नडमध्ये म्हणत जाजम पसरलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मॅडम लई चांगल्या हायत म्हनती पोरगी. तुमचं नाव काढती सारखी." मला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठून वडाप पकडावं.

मुलगी आतून आली. तिनं आईला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, आई चहा करायला आत गेली. मी पाण्याला हातसुद्धा लावला नव्हता. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी गेली. मी एका दमात सांगून टाकलं. तुझा अर्ज माझ्यामुळं रद्द झाला. त्यांनी मला विचारलं होतं, पत्र तुमचं आहे का. मी नाही म्हणाले. मी घाबरले आणि तुला पुढं केलं.

ती म्हणाली, "मला ठाऊक हाय, मॅडम."

"काय ठाऊक आहे?"

"अर्ज रद्द झाल्याचा मेल आला ना, त्याच्याखाली तुमचा मेल जोडलेला हुता. तारीख, वेळ, समदं."

म्हणजे मार्चमध्ये ती माझ्यापुढं उभी राहून माफी मागत होती, तेव्हा तिला ठाऊक होतं! मी तिला भाबडी म्हणाले, तेव्हाही ठाऊक होतं.

"मग बोलली का नाहीस गं? माझ्या तोंडावर फेकायचंस!"

"काय बोलू? तुमच्या मेलमधी खोटं काईच न्हवतं की. पत्र मीच लिवलं हुतं."

"मग माफी कशाला मागितलीस?"

ती म्हणाली, "मला वाटलं, मी माफी मागितली की तुमी म्हणाल, न्हाय गं, तुझं काय चुकलं? म्हणून आलते त्या दिवशी."

मला रडू आलं, आणि रडायचा मला हक्क नाही हेही कळत होतं. आतून आई डोकावली. मुलगीच तिला म्हणाली, "काई न्हाय, ऊन लागलंय मॅडमना."

मी फोन काढला आणि तिच्यासमोर त्या विद्यापीठाला मेल लिहायला घेतला. बैल गेला अन् झोपा केला, पण निदान तिच्या नावावरचा डाग तरी निघावा. पत्र विद्यार्थिनीनं माझ्या सांगण्यावरून लिहिलं, मी ते न वाचता सही केली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा कामाच्या गडबडीत नजरचुकीनं मी अपुरं उत्तर दिलं, असं लिहून फोन तिच्या हातात दिला. तिनं सावकाश वाचलं. ओठ हलवत, दोनदा.

"हे काढा मॅडम."

"काय?"

"गडबडीत, नजरचुकीनं. तसं न्हवतं ते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. परीक्षेच्या पेपरात चुकलेली तारीख दाखवावी तसं तिनं बोट ठेवून दाखवलं. मी ते शब्द काढले. त्या जागी 'मला स्वतःला वाचवायचं होतं म्हणून' असं लिहिलं. तिनं पुन्हा वाचलं आणि मान हलवली. मी मेल पाठवला.

चार दिवसांनी उत्तर आलं. तिच्या नावापुढचा खोट्या कागदाचा शेरा त्यांनी काढून टाकला होता. जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली होती, पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज करायला हरकत नव्हती. मी लगेच तिला फोन केला. "बरं झालं मॅडम, शेरा निघाला," ती म्हणाली. मी म्हणाले, पुढच्या वर्षी पत्र मी लिहीन, स्वतः बसून. तुझा प्रबंध वाचलाय मी. त्यावर ती म्हणाली, "बगू मॅडम."

मी वाट बघितली नाही. डिसेंबरातच पत्र लिहून ठेवलं. तीन पानं झाली. तिचा ओढा, तिथले धुण्याचे दिवस, चुकीच्या देशाला न गेलेल्या चिठ्ठ्या, आणि मी काय केलं होतं तेही. एकोणीस-वीस वर्षांत एवढं मन लावून मी कुणाबद्दल लिहिलं नव्हतं.

जानेवारीत ती विभागात आली. मला काचेतून दिसली, गुणपत्रिकांच्या प्रतींवर क्लार्ककडून शिक्के मारून घेत होती. मी पत्र ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलं, साडी सारखी केली. ती माझ्या दारापाशी आली, "बरं हाय ना मॅडम?" म्हणाली, वडिलांचं कसं चाललंय ते सांगितलं, आणि जिन्याकडं वळली. मागून क्लार्क म्हणाला, ती पुन्हा अर्ज करतेय, पत्र आमच्या ग्रंथपालांचं घेतलंय. निवृत्तीला आलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तिनं दोन वर्षांत कुठली पुस्तकं नेली आणि कुठली दुसऱ्यांदा नेली, हे त्यांना पाठ होतं. दोन दिवस बसून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं म्हणे.

माझी तीन पानं टेबलावरच होती. मुलगी अजून जिन्यातच होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक कुठल्या तोंडानं मारायची?